शिंपल्यांसाठी आठ डोकी

माझा राग शिंपल्यांवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. शिंपला बिचारा कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तोंड मिटून एका जागी बसून राहतो आणि तोंड उघडलं की लोक त्याला खाऊन टाकतात. कोणत्याही संसारी माणसाला त्याच्याविषयी आपुलकीच वाटेल. माझा राग त्या कॅफेवर आहे, कॅफेच्या मॅनेजरवर आहे, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीवर आहे, मेव्हण्यावर आहे, आणि वरच्यावर तर आहेच आहे. वरचा म्हणजे परमेश्वर नव्हे. परमेश्वराशी माझं भांडण नाही, त्याच्या बाथरूमचं पाणी माझ्या स्वयंपाकघरात येत नाही. वरचा म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारा भाडेकरू, ज्याचं येतं.

मूळ गोष्ट अगदी लहान होती. बायकोला बढतीवर बदली आली होती. ती कोर्टात स्टेनो आहे. दुसऱ्या गावच्या मोठ्या कोर्टात जायचं, हाताखाली चार माणसं, राहायला सरकारी घर. हो की नाही, ते बुधवारी सकाळी कळवायचं होतं. आदल्या रविवारी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेते. वकील बोलतो ते, साक्षीदार बोलतो ते. खोकला तेवढा सोडते. घरी आले की तुम्ही बोलता. मला एक संध्याकाळ हवीय. बाहेर कुठेतरी. आपण दोघंच. मी बोलणार, तुम्ही ऐकणार. मग मी ठरवीन."

"घरीच बोल की," मी म्हटलं.

"घरी तुम्ही छताकडे बघत बसता."

हे खरं होतं. छतावर गळतीचा डाग आहे आणि दर रविवारी मी स्टुलावर चढून त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारतो, म्हणजे तो किती वाढला ते पुराव्यानिशी सांगता येतं. नोकरीतली सवय. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालोय. दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली हात घालून तिथे चिकटवलेला शिशाचा तुकडा काढायचा आणि त्याच्याच हातावर ठेवायचा, यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात. मी खिशात लहानसा ताणकाटा ठेवतो. हुक, स्प्रिंग, सुई. पेनाएवढा. दुकानदार अजून कुणाला लुबाडत नाहीत ना, एवढंच अधूनमधून बघतो.

तर सोमवारी सकाळी मी पोस्टातून परत येत होतो. कोपऱ्यावर नवीन बिअर कॅफे उघडलंय. आत लांबलचक लाकडी टेबलं, टेबलक्लॉथ नाही, तांब्याचे नळ, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. बाहेर फळा, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं : मंगळवारी शिंपले अर्ध्या किमतीत.

मी घरी जाऊन सांगितलं. बायको चक्क हसली. कोर्टातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभात तिने शिंपले खाल्ले होते आणि ते तिला आवडले होते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. म्हणाली, "खिडकीजवळचं टेबल सांगा. दोघांचं."

मी फोन लावला. एका मुलीने उचलला.

"मंगळवारसाठी टेबल हवंय. शिंपले," मी म्हटलं.

"किती जण, सर?"

"दोन."

"दोघांना सूट नाही, सर. सूट आठ जणांच्या टेबलाला आहे."

"तसं फळ्यावर लिहिलेलं नाही."

"फळ्यावर जागा कमी पडली, सर."

"शिंपले आणि अर्धी किंमत एवढं मावलं, आणि आठच नेमके मावले नाहीत?"

"दोघांचं टेबल देऊ का? पूर्ण किमतीत?"

इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. मान्य आहे. पण ज्याने उभा जन्म पारड्याखालचं शिसं काढण्यात घालवला, त्याने अर्ध्या किमतीच्या फळ्याखालून आत जायचं, पूर्ण पैसे मोजायचे, आणि वर रुमालाने तोंड पुसून छान होतं म्हणायचं? हा पैशाचा प्रश्नच नव्हता. चिकटपणाचा तर नव्हताच, बायको काहीही म्हणो. हा मापाचा प्रश्न होता. त्यांनी अर्धं कबूल केलं होतं, मी अर्धं वसूल करणार होतो.

"आठ जणांचं घ्या," मी म्हटलं.

माझा हिशेब सरळ होता. टेबल लांब असतं. एका टोकाला आम्ही दोघं बसू, बाकीचे सहा जण आपापले शिंपले खात बसतील. रस्त्याने चालताना नाही का हजार माणसं आजूबाजूला असतात, तरी नवराबायको बोलतातच. बायकोला आधीपासून सांगून तिचा विरस कशाला करायचा, म्हणून मी सांगितलं नाही.

पहिला फोन मेव्हण्याला. तो विमा कंपनीत आहे, त्यामुळे कोणत्याही गोष्टीत मरण कुठून येईल ते त्याला आधी दिसतं.

"भाऊजी, शिंपल्यांतून किती जणांना विषबाधा होते, माहितीय का?"

"अर्ध्या किमतीत आहेत."

"म्हणजे जुने असणार." मग म्हणाला, "किती वाजता?"

त्याची बायको येणार होती, पण ती शिंपले खात नाही. नुसता वास आला तरी अंगावर पित्त उठतं. म्हणून मला पुन्हा कॅफेला फोन करावा लागला. न खाणारं माणूस आठात धरतात का? मुलगी म्हणाली विचारून सांगते, आणि मला एक गाणं ऐकायला लावून निघून गेली. मग मॅनेजर आला. आवाज असा, की याने आयुष्यात कधी कुणाला हो म्हटलं नसावं.

"आम्ही बसलेलं माणूस मोजतो. खाणारं नाही."

"छान."

"आठही जण बसल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. बिल करताना पुन्हा डोकी मोजतो. आठ असली तर अर्धं. सात असली तर पूर्ण."

"मधेच कुणी हात धुवायला गेला तर?"

"परत येईपर्यंत थांबतो," तो म्हणाला. एवढी तयारी मी आमच्या खात्यातसुद्धा कुठे पाहिली नव्हती.

मग सेक्रेटरी. हा आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. मला इन्स्पेक्टर म्हणतो. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचं माप आमच्या खात्याकडे नाही. तो म्हणाला, "आठ जण म्हणजे इमारतीची सभाच झाली की. विषय काय?"

"विषय शिंपले."

"नुसत्या शिंपल्यांवर लोक जमत नाहीत, इन्स्पेक्टर. दुसरं काहीतरी सांगा."

आणि मी, गाढवासारखा, बायकोच्या बदलीचं सांगून बसलो. त्याचे डोळे चमकले. त्याने लगेच स्वतःला आणि बायकोला धरलं. बायकोला गारठा सोसत नाही, तेव्हा दारासमोरची खुर्ची नको, अशी अट घातली. तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर तर विचारायच्या आधीच तयार झाला. म्हणाला, "शिंपल्यातला खडा दाढेखाली आला की लोक माझ्याकडेच येतात. निदान जागेवर हजर राहीन."

सात झाले.

आठवा मिळेना. वाण्याला विचारलं, त्याला पथ्य. पोस्टमनला विचारलं, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलून टपालाच्या दराबद्दल बोललो. संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरीशी यावरच खल चालला होता आणि वरून वरचा उतरला. बादली हातात. अर्थातच.

सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाला, "हे आहेत की."

तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगतो. मी त्या माणसाच्या विरोधात कमिटीकडे इतक्या तक्रारी केल्यात की शेवटी कमिटीने माझ्याविरुद्ध तक्रार केली. पण आठ म्हणजे आठ. मी घसा साफ केला आणि विचारलं.

"काका, तुम्ही, आणि मला जेवायला?" वरचा म्हणाला.

"जेवायला नाही. मोजायला."

"मग छताचं मिटलं म्हणायचं."

"छत वेगळं, शिंपले वेगळे."

"असं? मग मंगळवारी मला जरा काम आहे."

तो दोन पायऱ्या उतरला. अगदी सावकाश. तिसऱ्या पायरीवर मी म्हटलं, "बरं, मिटलं." सेक्रेटरी लगेच म्हणाला, "मी साक्षीदार. तक्रार मागे घेतली." अशा रीतीने स्वतःच्या जिन्यात उभा राहून मी स्वतःचं छत विकलं. पेन्सिलीच्या सगळ्या रेघा फुकट. हे मी बायकोला सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टींची रांग आता लांबत चालली होती.

मंगळवारी ती कोर्टातून लवकर आली. ठेवणीतले कानातले घातले. रस्त्याने म्हणाली, "सात मुद्दे आहेत. पाच मी काढलेत, दोन तुम्ही विचाराल म्हणून तयार ठेवलेत."

"तिथे कदाचित कुणी ओळखीचे भेटतील हं," मी म्हटलं.

"भेटू देत. आपण आपल्या टेबलावर."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बुटाला नाडी नव्हती, पण वाकलो.

दार उघडलं आणि समोरच्या लांब टेबलावरून सेक्रेटरी उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. मेव्हणा, त्याची बायको नाकाला रुमाल लावून, सेक्रेटरीची बायको शाल पांघरून, आणि वरचा. वरच्याने माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोट टाकून माझ्यासाठी जागा धरली होती. "काका, या," तो म्हणाला. आता आमचं मिटलं होतं ना.

बायको दारातच थांबली. तिने टेबल बघितलं, मला बघितलं, पलीकडचं खिडकीजवळचं दोघांचं रिकामं टेबल बघितलं. पगार घेऊन गप्प बसायची जिला सवय आहे, तिचं फुकटात गप्प बसणं फार जड असतं. मी म्हटलं, "अगं, आठ जण लागतात. सूट आहे." ती जाऊन दाखवलेल्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची टेबलाच्या त्या टोकाला. माझी या टोकाला. मधे माणसं.

दातांचा डॉक्टर आलेला नव्हता.

"आठ झाले की सांगा," मॅनेजर म्हणाला. हाच तो. उंच, काळा ॲप्रन, कानामागे पेन्सिल. "तोपर्यंत बिअर?"

बिअर पूर्ण किमतीत होती. इथे मला त्यांचा डाव कळला, आणि संताप संताप झाला. आठ माणसं एकाच वेळी कधीच येत नाहीत, हे जगाला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी नवरी नवऱ्याआधी तयार होत नाही, तिथे दातांचा डॉक्टर काय येणार. तो येईपर्यंत सात जण वाट बघतात. वाट बघणारा माणूस पितो. अर्ध्या किमतीच्या शिंपल्यांचं शिसं बिअरच्या ग्लासाखाली चिकटवलेलं होतं. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "अगदी बरोबर, भाऊजी," आणि दुसरा ग्लास मागवला.

मग सेक्रेटरीने चमच्याने ग्लास वाजवला. "वहिनी, बदलीचं काय?"

बायकोने टेबलाच्या या टोकाकडे बघितलं. मी मेनू वाचायला घेतला.

"ताई, या वयात नवीन गाव?" मेव्हणा म्हणाला. "स्थलांतराच्या पहिल्या वर्षात आजारपणं दुप्पट होतात. आमच्याकडे तक्ता आहे."

"घर बंद राहिलं तर नळ गंजतात," सेक्रेटरी म्हणाला. "आणि देखभालीची वर्गणी चालूच राहील, हे लक्षात घ्या."

"मला विचाराल तर जा, वहिनी," वरचा म्हणाला. "खुशाल जा. घराकडे मी बघेन."

"छताकडे बघ," मी म्हटलं.

"काका, ते मिटलंय."

बायकोने हळूच विचारलं, "काय मिटलंय?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, जिन्यासकट. ती ऐकत होती, आणि तिची उजव्या हाताची बोटं टेबलावर बारीक बारीक हलत होती. ती लघुलिपीत उतरवून घेत होती. सवय हो, दुसरं काय.

तेवढ्यात दातांचा डॉक्टर आला. ओला रेनकोट मेव्हण्याच्या बायकोच्या मांडीवर ठेवून बसला, बदलीचा विषय त्याला कुणीतरी थोडक्यात सांगितला, आणि तो म्हणाला, "तिथलं पाणी जड आहे. दातांवर थर बसतो. नका जाऊ."

"मत घेऊन टाकू," सेक्रेटरी म्हणाला. "बदली घेऊ नये, असं कुणाकुणाला वाटतं? हात वर."

नेमक्या त्याच क्षणी मी हात वर केला होता. आठ झाले होते, मला मॅनेजरला बोलवायचं होतं. एवढंच. पण सेक्रेटरीने माझा हात मोजला. "बहुमत," तो म्हणाला. "खुद्द यजमानसुद्धा." मी म्हटलं, माझा हात शिंपल्यांसाठी होता. सेक्रेटरी म्हणाला, एकदा वर केलेला हात मागे घेता येत नाही, नियमात तशी सोय नाही. मी त्याला तो नियम दाखव म्हटलं. यावर आमचं बराच वेळ चाललं, आणि तेवढा वेळ टेबलाच्या त्या टोकाला कानातले अजिबात हलले नाहीत.

शिंपले आले.

काळी बिडाची भांडी, माणशी एक. झाकण काढलं की वाफ, लोणी, कांदा. झाकण उलटं ठेवायचं आणि त्यात रिकामी टरफलं टाकायची. मॅनेजरने भाषण केलं, जो शिंपला शिजूनही उघडला नाही तो खायचा नाही, तो आधीच मेलेला असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. वास खरंच फार चांगला होता, मी खोटं बोलणार नाही.

"एका भांड्यात किती?" मी विचारलं.

"किलो."

"कशाचा किलो?"

"शिंपल्यांचा, सर."

"टरफलासकट?"

"टरफलासकट. शिजवायच्या आधीचं वजन."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हणजे किलोतला बहुतेक भाग दगड. दगड काढला की राहिलं पाणी. पाणी काढलं की राहिलं बोटाच्या पेराएवढं काहीतरी, आणि सूट कशावर, तर दगडावर. आयुष्यभर मी ज्या लोकांना पकडलं ते परवडले, त्यांना लपवाछपवी तरी करावी लागत होती. मी खिशातून ताणकाटा काढला. रुमालाची झोळी केली, त्यात मांस आणि टरफलं वेगवेगळी ठेवून मोजायला सुरुवात केली. दातांचा डॉक्टर म्हणाला, रुमाल स्वच्छ आहे ना? वरचा म्हणाला, "काका, सुई उजवीकडे झुकतेय." सगळे वाकून बघायला लागले. त्यामुळे टेबलावर एकदम शांतता झाली.

त्या शांततेत टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"मला असं वाटतं की..." बायको म्हणाली.

तिला बोलायला रविवारपासून जागा मिळाली नव्हती आणि आता मिळाली होती. सगळे तिच्याकडे वळले. मेव्हण्याने चघळणं थांबवलं. सेक्रेटरीसुद्धा गप्प.

"थांब जरा," मी म्हटलं, "काटा स्थिर होऊ दे."

ती उठली. शांतपणे. पर्स घेतली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि खिडकीजवळच्या त्या दोघांच्या टेबलावर जाऊन बसली. मॅनेजर तिच्याकडे गेला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"शिंपले. एक बिअर. पाव."

"मॅडम, तिकडे तुमचं भांडं आलंय. इथे पूर्ण किंमत पडेल."

"पडू दे."

मॅनेजर आमच्या टेबलाकडे वळला. ओठ हलवत मोजलं. "सात," तो म्हणाला, आणि कानामागची पेन्सिल काढली.

यापुढचं जे झालं त्याला मी जबाबदार नाही. माणसं सूट गमावताना जशी वागतात तशी ती वागली. मेव्हण्याला तिच्याकडे पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "ताई म्हणते, तिची साक्ष झाली." मग वरचा उठला आणि बारपाशी मॅच बघत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला खांद्याला धरून घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, "हे ऑर्डरच्या वेळी बसलेले नव्हते." माणूस म्हणाला, "मला कशासाठी आणलंय?" त्याला कुणी सांगेना. तो थोडा वेळ बसला, एक शिंपला खाल्ला आणि परत गेला.

"सगळा घोळ तुमचा, इन्स्पेक्टर," सेक्रेटरी म्हणाला. "बायकोला नीट सांगून आणायचं असतं."

"कुणाला काय सांगायचं ते मला शिकवू नका. तुम्ही मतदान घेतलंत."

"तुम्ही हात वर केलात."

"मॅनेजरसाठी."

"मॅनेजर बदलीवर जात नाहीये."

मेव्हण्याची बायको संध्याकाळभरात पहिल्यांदाच बोलली. रुमालातून म्हणाली, "टेबलं जोडून घेता येतील का?"

सगळ्यांनी मॅनेजरकडे बघितलं. त्याने विचार केला. नियम मोडण्यापेक्षा नियम बसवण्यात त्याला रस होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि क्षणभर तो मला आमच्याच खात्यातला वाटला. "जोडली तर एकच टेबल होईल," तो म्हणाला. "पण चिकटली पाहिजेत. मधे हात जाता कामा नये."

तुम्ही कधी सात भांडी आणि डझनभर ग्लास न उतरवता लांब लाकडी टेबल ढकललंय का? आम्ही ढकललं. सेक्रेटरी एका बाजूने, वरचा आणि मेव्हणा दुसऱ्या बाजूने, मी पुढच्या टोकाला. दातांचा डॉक्टर दिशा सांगत होता. सेक्रेटरीची बायको बसल्या जागेवरून खुर्चीसकट सरकत येत होती, कारण बसलेलं माणूस मोजतात. टेबल करकरत निघालं. रस्सा डचमळत होता. सगळं कॅफे बघत होतं, टीव्हीवरचे खेळाडू तेवढे खेळत होते.

मी पाठमोरा ओढत होतो. कंबर दुखत होती, मान तापली होती, आणि मला सगळ्यांचा राग येत होता, टेबलाचासुद्धा. खिडकीपासून दोन हातांवर आलो तेव्हा मागून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

मी वळलो. बायको शिंपला खात होती. एका रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून दुसऱ्यातलं मांस त्याने अलगद उचलायचं, अशी तिची पद्धत. हे ती कधी शिकली देवाला ठाऊक. दिसायला फार छान दिसत होतं.

"टेबल आणतोय," मी म्हटलं.

"तुम्ही नेहमी तेच आणता," ती म्हणाली. "सोबत काहीतरी. माणसं आणता, छत आणता, काटा आणता. मी तुम्हाला एकट्याला बोलावलं होतं."

मी पँटला हात पुसले.

"मी उद्या हो म्हणणार आहे," ती म्हणाली. "ते ठरलं. तुम्ही येणार की नाही, एवढंच मला आज विचारायचं होतं. त्याला सात मुद्दे होते. आता विचारायचंही मन राहिलं नाही."

"इन्स्पेक्टर, ओढा, थांबलात का?" मागून सेक्रेटरी. "हातभरच राहिलंय."

त्यांनी मागून ढकललं. टेबलाची कड माझ्या पाठीला लागली आणि मला पुढे सारायला लागली. मी बाजूला झालो. टेबल बायकोच्या टेबलापाशी जाऊन थांबलं. मॅनेजर वाकला आणि त्याने मधे हात घालून बघितलं. दोन बोटं गेली. "अजून थोडं," तो म्हणाला.

मी वळसा घालून तिच्या समोरच्या खुर्चीवर बसलो.

"शाब्बास, काका," वरचा म्हणाला. "आता तिकडून जरा इकडे ओढा."

मी माझ्या बाजूची कड दोन्ही हातांनी धरली. बायको चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी ते लहान टेबल ओढलं. माझ्या बाजूला. भिंतीकडे. तिने एक क्षण बघितलं, भांडं उचलून मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने तिच्या बाजूने ढकललं. टेबल कोपऱ्यात जाऊन बसलं. मधे आता एक माणूस आरामात उभा राहिला असता, आणि राहिलाच. मॅनेजर.

"म्हणजे सात, सर?" त्याने विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

मागे जो आवाज झाला त्याचं वर्णन मी करत नाही. मेव्हण्याने माझ्या विम्याबद्दल काहीतरी म्हटलं. वरचा म्हणाला, असं असेल तर छताचंही मिटलेलं नाही. मी म्हटलं, नाहीच मिटलेलं. दातांचा डॉक्टर म्हणाला, पूर्ण किंमतच द्यायची तर टरफलंसुद्धा चोखून घ्या.

"आता विचारू?" बायको म्हणाली.

"विचार."

"येणार?"

"येणार."

"पाणी जड आहे म्हणतात."

"असू दे."

तिने भांडं दोघांच्या मधे ठेवलं, एक उघडा शिंपला माझ्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. माझ्याकडून तो तीनदा निसटला. मग ती बोलायला लागली. सातही मुद्दे सांगितले. मी एकदाही मधे बोललो नाही. दोन जागा अशा होत्या की तिथे मला शब्दशः ओठ चावावा लागला, पण चावला. चौथ्या मुद्द्यावर तर चूक तिचीच होती. ते मी नंतर सांगेन म्हटलं, आणि अजून सांगितलेलं नाही.

सेक्रेटरीने इमारतीच्या पुढच्या सभेत माझ्या निषेधाचा ठराव ठेवलाय. बहुमत मिळणार, यात शंका नाही. खुशाल मिळवावं. त्या तारखेला आमचं सामान नवीन घरात लागत असेल.